चेस सुटले कसे, आणि जजला त्याच्या निकालासाठी काढता येतं का

प्रश्न असा आहे की १८०५ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे जज सॅम्युअल चेस यांच्यावर महाभियोग चालला, सेनेटमध्ये त्यांच्या विरोधातल्या पार्टीकडे दोन तृतीयांशपेक्षा जास्त माणसं होती, तरी ते सुटले. मग पुरावा नव्हता का, की आतून काही सेटिंग झालं, आणि तिथून न्यायव्यवस्था स्वतंत्र झाली असं जे शिकवतात ते कितपत खरं.

मी अठ्ठावीस वर्षं वकिली करतोय आणि त्यातली बरीच वर्षं संध्याकाळी मुलांना घटनेचा पेपर शिकवलाय, तिथे ही केस दर वर्षी येते आणि दर वर्षी मुलं हाच प्रश्न विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी थोडक्यात सांगतो. पुरावा होता. चेस खरंच वाईट वागले होते. ते सुटले कारण तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या पार्टीच्या सहा सेनेटरांनी आपल्याच पार्टीच्या विरोधात मत दिलं, आणि ते मत का दिलं हे कळायचं असेल तर चेसच्या एक वर्ष आधी जॉन पिकरिंग नावाच्या एका आजारी जजचं याच सेनेटने काय केलं ते बघावं लागतं. पुस्तकात पिकरिंगला दोन ओळी मिळतात आणि चेसला दहा पानं. माझ्या मते हे उलटं पाहिजे.

आता जरा मागे जाऊ. राजाच्या काळात अमेरिकन वसाहतींमधले जज राजाच्या मर्जीवर असायचे. इंग्लंडमध्ये स्वतः १७०१ च्या कायद्याने जजला चांगली वर्तणूक असेपर्यंत खुर्ची असं ठरलं होतं, पण वसाहतींना तो नियम लागू नव्हता. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात राजावर जे आरोप केलेत त्यात एक हाच आहे की याने जजची नोकरी आणि पगार दोन्ही आपल्या इच्छेवर ठेवलेत. (आणि त्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत मेरीलँडचे सॅम्युअल चेस होते, हे लक्षात ठेवा.) त्यामुळे १७८७ ला फिलाडेल्फियात घटना लिहिताना दोन गोष्टी पक्क्या केल्या गेल्या: चांगली वर्तणूक असेपर्यंत पद, आणि पदावर असताना पगार कमी करायचा नाही. काढायचा रस्ता एकच, महाभियोग. हाउसने, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहाने, आरोप ठेवायचे, सेनेटने खटला चालवायचा, हजर असलेल्यांपैकी दोन तृतीयांशांनी दोषी म्हटलं तर माणूस जातो. कारण काय पाहिजे, तर देशद्रोह, लाचखोरी किंवा इतर मोठे गुन्हे आणि गैरकृत्यं.

हे "इतर" जे आहे ना, सगळा घोळ तिथे आहे. व्हर्जिनियाच्या जॉर्ज मेसनने तिथे गैरकारभार असा शब्द सुचवला होता. मॅडिसन म्हणाला हा इतका ढगळ शब्द आहे की याचा अर्थ माणूस सेनेटची मर्जी असेपर्यंतच पदावर राहील. मग मेसनने तो मागे घेतला आणि मोठे गुन्हे आणि गैरकृत्यं हे इंग्लिश पार्लमेंटच्या जुन्या खटल्यांतलं वाक्य टाकलं. त्याच अधिवेशनात डेलावेअरच्या डिकिन्सनने इंग्लंडसारखी सोय सुचवली होती, म्हणजे दोन्ही सभागृहांनी अर्ज केला की जजला काढायचं, ती पण पडली. म्हणजे लिहिणाऱ्यांनी सोपा रस्ता मुद्दाम बंद केला होता. फक्त एक गोष्ट राहिली. जज गुन्हेगार नाही पण काम करायच्या अवस्थेतच नाही, तर काय? हॅमिल्टनला हे १७८८ लाच दिसलं होतं, त्याने लिहिलंय की अक्षमतेचं कलम घातलं तर त्याचा गैरवापरच जास्त होईल, आणि वेड लागलं तर तो माणूस आपोआपच अपात्र धरता येईल. आपोआप कसं, कोण ठरवणार, ते काही सांगितलं नाही.

मग १८०० ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ॲडम्स हरले, जेफरसन आणि बर यांना प्रत्येकी ७३ मतं पडली आणि हाउसमध्ये ३६ व्या फेरीत, १७ फेब्रुवारी १८०१ ला, जेफरसन निवडून आले. मधल्या काळात ॲडम्सच्या जाणाऱ्या फेडरलिस्ट पार्टीच्या लोकांनी घाईघाईने १८०१ चा न्यायव्यवस्था कायदा केला, १६ नवे सर्किट जज तयार केले आणि ॲडम्सनी जाता जाता ती पदं आपल्या लोकांनी भरली. सुप्रीम कोर्टाच्या जजना तोपर्यंत गावोगाव फिरून सर्किट कोर्टं चालवावी लागायची, घोड्यावर, बग्गीतून, खराब रस्त्यांवरून, ती सक्ती या कायद्याने संपली, म्हणजे कायदा सगळा वाईट नव्हता. पण वेळ इतकी वाईट की कोणाला पटणार? जेफरसनच्या लोकांनी मार्च १८०२ ला तो रद्द केला, सेनेटमध्ये १६ विरुद्ध १५, अगदी एका मताने. त्या १६ जजवर महाभियोग वगैरे काही नाही. जजला काढता येत नाही ना, मग खुर्चीच काढून घेतली. वर सुप्रीम कोर्टाचं जूनचं सेशनही रद्द केलं, त्यामुळे कोर्ट थेट फेब्रुवारी १८०३ ला बसलं.

तेव्हा मार्बरी विरुद्ध मॅडिसन आला, जो सगळ्यांना माहीत असतो, ज्यात कोर्टाने काँग्रेसचा कायदा घटनाबाह्य ठरवायचा अधिकार आपला आहे असं सांगितलं. पण त्यानंतर सहाच दिवसांनी, २ मार्च १८०३ ला, स्टुअर्ट विरुद्ध लेअर्ड या केसमध्ये त्याच कोर्टाने १८०२ चा रद्द करणारा कायदा निमूटपणे मान्य केला. मार्बरीमध्ये कोर्टाची ताकद दाखवली आणि इथे माघार घेतली असं मी मुलांना सांगतो, आणि योगायोग असा की त्याच २ मार्चला हाउसने पिकरिंगवर महाभियोग मंजूर केला, ४५ विरुद्ध ८.

आता पिकरिंग. न्यू हॅम्पशायरचे मोठे वकील, त्या राज्याची घटना लिहिण्यात हात, राज्याचे चीफ जस्टिस होते, आणि १७९५ ला वॉशिंग्टननी त्यांना तिथले फेडरल डिस्ट्रिक्ट जज केलं. नंतर डोकं ठिकाणावर राहिलं नाही, दारूही वाढली. हे सगळ्या गावाला माहीत होतं. आणि हा भाग मला सगळ्यात जास्त त्रास देतो: १८०१ च्या त्या कायद्यात एक चांगली सोय होती, डिस्ट्रिक्ट जज काम करू शकत नसेल तर सर्किट जजपैकी एकाने त्याचं काम बघायचं. पिकरिंगच्या कोर्टात हे खरंच झालं, जेरेमाया स्मिथ यांनी त्यांचं काम सांभाळलं. १८०२ ला कायदा रद्द केला तेव्हा ही सोय पण गेली, आणि आजारी माणूस परत खुर्चीवर येऊन बसला. म्हणजे ज्यांनी पुढे त्याला दोषी ठरवलं त्यांच्याच मतांनी त्याला परत तिथे आणून बसवलं होतं.

१८०२ च्या शेवटी एलायझा नावाच्या जहाजाची केस त्यांच्यापुढे आली, कस्टमवाल्यांनी माल जप्त केला होता. जज दारूच्या नशेत, आरडाओरडा, शिव्या, सरकारी साक्षीदार ऐकलेच नाहीत आणि जहाज मालकाला देऊन टाकलं. फेब्रुवारी १८०३ ला जेफरसननी कागदपत्रं हाउसकडे पाठवली. मार्च १८०४ ला सेनेटमध्ये खटला उभा राहिला. पिकरिंग आलेच नाहीत. मुलाने अर्ज पाठवला की वडील वेडे झालेत, त्यांना प्रवास करता येत नाही, आणि तो अर्ज मांडायला रॉबर्ट गुडलो हार्पर उभे राहिले.

आता तुम्ही वकील म्हणून विचार करा. वेडा असेल तर मनात गुन्ह्याचा हेतू नाही, हेतू नाही तर गुन्हा नाही, गुन्हा नाही तर महाभियोग कशाचा? आणि वेडा नाही म्हणावं तर साक्षी उलट सांगतायत. सेनेटने काय केलं, तर मतदानाचा प्रश्नच बदलला. मोठा गुन्हा किंवा गैरकृत्य केलं का असं विचारलंच नाही, विचारलं की आरोपपत्रात लिहिल्याप्रमाणे दोषी आहे का. म्हणजे त्याने ते ते केलं का, एवढंच. ते गुन्हा होतं का, हे कोणी म्हणायची गरज नाही. १९ विरुद्ध ७, दोषी. काढायचं का, २० विरुद्ध ६, काढा. पाच सेनेटर मत द्यायच्या आधीच उठून गेले, त्यात व्हरमाँटचे स्टीव्हन ब्रॅडली होते, जे जेफरसनच्याच पार्टीचे. हे नाव पुढे परत येईल. आणि रिकाम्या जागेवर कोणाला नेमलं, तर जॉन शरबर्न यांना, जे याच खटल्यात पिकरिंगच्या विरोधात साक्षीदार होते.

हे वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं. पिकरिंगना खुर्चीवरून उतरवणं गरजेचंच होतं, त्यात वाद नाही, त्या कोर्टात ज्यांच्या केसेस होत्या त्यांचा काय दोष? पण आजारी माणसावर गुन्हेगाराचा शिक्का मारून उतरवणं हे पाप होतं, आणि ते करावं लागलं कारण घटनेत एक शब्द कमी होता. आपल्या घटनेच्या १२४ (४) मध्ये गैरवर्तन आणि अक्षमता असे दोन वेगळे शब्द आहेत, मुलं तो दुसरा शब्द पाठ करतात आणि सोडून देतात, त्यांना मी पिकरिंग वाचायला सांगतो.

त्याच दिवशी, म्हणजे १२ मार्च १८०४ लाच, इकडे सेनेट पिकरिंगना काढत होती आणि तिकडे हाउसने चेसवर महाभियोग मंजूर केला, ७३ विरुद्ध ३२. पुढचा नंबर कोणाचा हे लोक उघड बोलत होते, चेस गेले की सुप्रीम कोर्टाचे चीफ जस्टिस मार्शल.

चेस हा साधा माणूस नव्हता. अंगाने धिप्पाड, लालबुंद चेहरा, तोंडाने फटकळ. आधी घटनेला विरोध, मग कट्टर फेडरलिस्ट, १७९६ ला वॉशिंग्टननी सुप्रीम कोर्टात घेतलं, आणि १८०० ला जज असताना ॲडम्ससाठी उघड प्रचार करत फिरला. त्याच वर्षी सर्किटवर दोन केसेस त्याच्यापुढे आल्या. एक फिलाडेल्फियात जॉन फ्राइजची, कराविरुद्ध दंगा केला म्हणून देशद्रोहाचा आरोप. वकिलांनी तोंड उघडायच्या आधी चेसने देशद्रोहाचा कायदा काय यावर आपलं मत लेखी लिहून वाटून टाकलं. वकील म्हणाले मग आम्ही कशावर बोलू, आणि केस सोडून गेले. फ्राइजला फाशी सुनावली, नंतर ॲडम्सनी माफ केली. दुसरी रिचमंडला जेम्स कॅलेंडरची, राष्ट्राध्यक्षांविरुद्ध पुस्तिका लिहिली म्हणून सेडिशनचा खटला. तिथे चेसने बचावाचा मुख्य साक्षीदार जॉन टेलर याची साक्षच घेऊ दिली नाही, आधी प्रश्न लेखी द्या म्हणाला, वकिलांना इतकं टोकलं की ते पण वैतागून उठून गेले. कॅलेंडरला ९ महिने तुरुंग आणि २०० डॉलर दंड.

मी ज्युनिअर होतो तेव्हा एका कोर्टात असा जज बघितलाय. वकील उभा राहायच्या आधी निकाल ठरलेला, आणि अशिलासमोर वकिलाचा अपमान. घरी येऊन जेवण जात नसे. त्यामुळे चेसला हिरो करणारे लोक भेटले की मला राग येतो, हे सांगून ठेवतो. तो जज म्हणून वाईट वागला. पण हे सगळं १८०० चं, आणि महाभियोग १८०४ ला. मध्ये ठिणगी पडली ती बाल्टिमोरला, मे १८०३ मध्ये, ग्रँड जुरीसमोर (म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांसमोर) त्याने भाषण ठोकलं की १८०२ चा रद्द कायदा आणि मेरीलँडमध्ये सगळ्यांना मतदानाचा हक्क यामुळे आपलं प्रजासत्ताक झुंडशाहीत बुडेल. जेफरसननी लगेच हाउसमधल्या जोसेफ निकल्सनला पत्र लिहिलं, हे असंच सोडून द्यायचं का असं विचारलं, आणि शेवटी मी स्वतः यात न पडलेलं बरं असंही लिहिलं.

आरोपपत्र हाउसमधल्याच रोआनोकच्या जॉन रँडॉल्फने केलं, आठ कलमं. रँडॉल्फ बोलायला जबरदस्त पण वकील नाही, आणि ते जाणवतं. खऱ्या गोष्टींच्या जोडीला त्याने व्हर्जिनियाच्या प्रोसीजरच्या बारीकसारीक चुका पण आरोप म्हणून घातल्या, समन्सऐवजी अटक वॉरंट का काढलं वगैरे. समोर बचावाला ल्यूथर मार्टिन, तो हार्पर, तरुण जोसेफ हॉपकिन्सन, अशी तगडी टीम. आणि अध्यक्षस्थानी उपराष्ट्राध्यक्ष ॲरन बर, ज्याने सहा-सात महिन्यांपूर्वी द्वंद्वयुद्धात हॅमिल्टनला मारलं होतं आणि दोन राज्यांत त्याच्यावर आरोप होते. लोक म्हणत की आजवर खुनी जजपुढे उभा राहायचा, आता जज खुन्यापुढे उभा आहे. पण खटला चालवला मात्र त्याने काटेकोर, हे शत्रूंनीही मान्य केलं.

खरं भांडण चेसबद्दल नव्हतंच, महाभियोग म्हणजे काय याबद्दल होतं. व्हर्जिनियाचे सेनेटर विल्यम जाइल्स उघड म्हणत होते की यात गुन्ह्याचा प्रश्नच नाही, दोन्ही सभागृहांना वाटलं की या पदावर दुसरा माणूस बरा, की काढायचं, बस. जॉन क्विन्सी ॲडम्स तेव्हा सेनेटर होते, त्यांनी हे बोलणं लिहून ठेवलंय म्हणून आपल्याला कळतं. हॉपकिन्सनने दुसरं टोक पकडलं, कायद्याने खटला भरता येईल असा गुन्हा दाखवा नाहीतर सोडा. आणि भीती किती होती बघा, मार्बरी लिहिणाऱ्या मार्शलनी याच काळात चेसना एका पत्रात लिहिलं की जजला काढण्यापेक्षा विधिमंडळाला न पटलेला निकाल त्यांनीच फिरवायचा अधिकार दिलेला बरा. मार्शल! ज्याच्या नावाने आपण न्यायालयीन स्वातंत्र्य शिकवतो तो माणूस निकाल सोडायला तयार होता. साक्षीला आले तेव्हाही फार जपून बोलले.

१ मार्च १८०५. एकूण ३४ सेनेटर, २५ जेफरसनच्या बाजूचे, ९ फेडरलिस्ट. दोषी ठरवायला २३ पाहिजेत. फेडरलिस्ट सेनेटर युराया ट्रेसी इतके आजारी की त्यांना उचलून सभागृहात आणलं. आणि या वेळी प्रश्न परत नीट विचारला गेला: आत्ता वाचलेल्या कलमाप्रमाणे मोठा गुन्हा किंवा गैरकृत्य याबद्दल दोषी की निर्दोष? पिकरिंगच्या वेळी जे शब्द गाळले होते ते परत आले. मला विचाराल तर चेस तिथेच सुटला. कारण आता सेनेटरला तोंडाने म्हणायचं होतं की हा गुन्हा आहे, नुसतं हा वाईट वागला एवढं पुरणार नव्हतं.

फ्राइजच्या कलमावर १६ जणांनी दोषी म्हटलं. कॅलेंडरच्या दोन कलमांवर १८. प्रोसीजरच्या एका कलमावर शून्य, एकानेही नाही, रँडॉल्फच्या स्वतःच्या मित्रांनीही नाही. बाल्टिमोरच्या भाषणावर सगळ्यात जास्त, १९ विरुद्ध १५. चार कमी पडले. सहा रिपब्लिकन (म्हणजे जेफरसनच्या पार्टीच्या) सेनेटरांनी आठही कलमांवर निर्दोष म्हटलं, दोघे व्हरमाँटचे, दोघे न्यू यॉर्कचे, एक ओहायोचा, एक साउथ कॅरोलिनाचा. व्हरमाँटच्या दोघांत एक ब्रॅडली, तेच जे पिकरिंगच्या वेळी उठून गेले होते. आधी उठून जाणारा माणूस एका वर्षाने बसून राहतो आणि नाही म्हणतो, यात मला खूप काही दिसतं.

सेटिंग झालं का या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर असं की राजकारण होतंच. त्याच हिवाळ्यात रँडॉल्फने याझू जमिनीच्या घोटाळ्याच्या तडजोडीवरून मॅडिसनशी आणि उत्तरेकडच्या आपल्याच लोकांशी कडाक्याचं भांडण केलं होतं, त्यामुळे त्याला जिंकवायची घाई कोणाला नव्हती. पण नुसत्या रागाने माणूस आठही कलमांवर नाही म्हणत नाही. आणि हे मत पेनसिल्वेनियातही दिसतं. तिथे जानेवारी १८०३ ला अलेक्झांडर ॲडिसन या राज्याच्या जजला काढलं होतं, मग राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे तीन जज धरले, आणि चेसच्या खटल्याच्या जरा आधी, जानेवारी १८०५ ला, तिथेही १३ विरुद्ध ११ वर दोन तृतीयांश कमी पडून ते सुटले.

हरल्यावर रँडॉल्फने त्याच दिवशी घटनादुरुस्ती मांडली, दोन्ही सभागृहांनी अर्ज केला की राष्ट्राध्यक्षाने जज काढावा, म्हणजे १७८७ ला पडलेला डिकिन्सनचाच प्रस्ताव. निकल्सनने दुसरी मांडली, राज्यांना आपले सेनेटर परत बोलावता यावेत. दोन्ही तिथेच संपल्या. जेफरसननी दोन वर्षांनी लिहिलं की महाभियोग हे एक सोंग आहे, परत कोणी करणार नाही. चेस १८११ ला मरेपर्यंत जज राहिले. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या जजवर महाभियोग झाला तो आजपर्यंत तेवढाच.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, निकालासाठी जजला काढता येतं का. अमेरिकेच्या घटनेत तसं नाही असं कुठेही लिहिलेलं नाही. ती रीत त्या मतदानातून पडली, आणि दोन्ही बाजूंनी पडली, कारण जजनीही बेंचवरून निवडणुकीची भाषणं करणं सोडलं. रीत टिकते का हे बघायला १८३१ ची जेम्स पेकची केस बघा. मिसूरीचे फेडरल जज, एका वकिलाने त्यांच्या निकालावर पेपरात टीका लिहिली म्हणून पेकनी त्याला २४ तास तुरुंगात टाकलं आणि दीड वर्ष वकिली बंद केली. महाभियोग झाला, सेनेटमध्ये २१ दोषी, २२ निर्दोष, पेक सुटले. पण काँग्रेस तिथे थांबली नाही, महिनाभराच्या आत, २ मार्च १८३१ ला, कायदाच बदलला आणि कोर्टाबाहेर लिहिलेल्या टीकेसाठी फेडरल जजने कोणाला अवमानाखाली शिक्षा करायची हा अधिकार काढून घेतला. जज जागेवर राहिला, त्याच्या हातातलं हत्यार गेलं.